शिऱ्याची ब्रह्मदेशी बहीण : सनविन मकिन

अवचित पाहुणे आले, की आपला हात आधी कुठे जातो? रव्याच्या डब्याकडे! शिरा, उपमा, सांजा, लाडू. रव्याइतका भरवशाचा सोबती स्वयंपाकघरात दुसरा नाही. पण खरं सांगायचं, तर शिऱ्याचं कौतुक आता घरात फारसं कुणाला उरलेलं नसतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तेवढा द्रोण पुसून खाल्ला जातो. एरवी ताटली पुढे ठेवली, की "आज पुन्हा शिरा?" हे ठरलेलंच. आणि "केक कर ना" म्हणून मुलं मागे लागली, की आपण म्हणतो, "आपल्याकडे ओव्हन कुठाय?"

या दोन्ही तक्रारींवर एकच उत्तर आज सांगणार आहे. ते येतं ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून. तिथे रवा, नारळाचं दूध आणि साखर यांची एक भाजलेली वडी करतात. तिचं पूर्ण नाव 'श्वेजी सनविन मकिन'. श्वेजी म्हणजे रवा, आणि त्यातल्या 'श्वे'चा अर्थ सोनं. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यातला 'श्वे' तो हाच. नावाप्रमाणे वडीचा रंगही सोनेरी. वरून खरपूस तांबूस, त्यावर पांढरी खसखस पेरलेली. आत मऊ, खरवसापेक्षा घट्ट आणि बर्फीपेक्षा सैल. तिकडे ती चहाच्या दुकानात मिळते, घरी आल्यागेल्यापुढे ठेवतात, समारंभातही वाटतात. अंडं घातलंच पाहिजे असं नाही, मैदा नाही, बेकिंग पावडर नाही. लागणारं सारं सामान बहुधा या घटकेला तुमच्या फडताळात असेल. नसेल ती फक्त कृती, आणि थोडी सबुरी.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही

एवढ्या लांबचा पदार्थ आपल्याला कसा रुचेल, अशी शंका घेऊ नका. हा देश लांब असला, तरी आपल्या नात्यातला आहे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं गेलं, हे आपण शाळेत शिकलो. पण घरच्या बाजूने त्याकडे पाहिलं, तर मन हलतं. टिळक तिकडे असतानाच १९१२ साली सत्यभामाबाई इकडे गेल्या. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

आणि योगायोग पाहा. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. ते मंडालेला बंदीत गेले, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदीत होता! १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी थिबा राजाचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी राजा, राणी सुपयालत आणि मुली यांना रत्नागिरीला आणून ठेवलं. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला तिथला थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकींनी सहलीत पाहिला असेल. राजा १९१६ साली रत्नागिरीतच वारला. राणीला मायदेशी परतायला मिळालं ते १९१९ साली. थोरल्या राजकन्येला तर राजवाड्यावरच्याच एका मराठी गृहस्थापासून मुलगी झाली होती. ब्रह्मदेशात जाऊनही ती राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली तिथेच वारली. तिची मुलगी टूटू, म्हणजे राजाची नात, मराठी बोलत, मराठी माणसाशी संसार करत, ओढगस्तीत मुलंबाळं वाढवत रत्नागिरीतच म्हातारी झाली. राजाची नात आणि कोकणातली कष्टाळू बाई या एकाच व्यक्ती होत्या.

आता आपल्या नाशिकचं सांगते. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानातच मोडत असे. तो वेगळा झाल्यावर १९३८ साली त्याची नवी टपाल तिकिटं छापली गेली ती आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात. आणि इगतपुरीचं धम्मगिरी तर सर्वांना ठाऊक आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली मंडालेचा. रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. तिथला सोनेरी पॅगोडा ब्रह्मी धाटणीचाच आहे.

रवा तिकडे कसा गेला?

ब्रह्मदेश हा तांदळाचा देश. तिथली बरीचशी पक्वान्नं तांदळाची, नारळाची, ताडगुळाची. म्हणजे आपल्या कोकणासारखंच. मग गव्हाचा रवा तिथे कुठून आला? आपल्याकडूनच, असं मानतात. एके काळी रंगून हे निम्मं भारतीय शहर होतं. १९३१ च्या शिरगणतीत तिथल्या निम्म्याहून अधिक वस्तीची मुळं भारतातली होती. तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती, मारवाडी, सगळे तिथे होते. त्यांच्याबरोबर हलवा आणि शिरा गेला. तिथल्या बायकांनी त्यात तुपाऐवजी तेल आणि गाईच्या दुधाऐवजी नारळाचं दूध घातलं, वर खसखस पेरली, आणि वर-खाली निखारे ठेवून तो भाजून काढला. लेक लांब सासरी द्यावी, तिने तिकडचं लुगडं नेसावं, पण नाकडोळे आईचेच राहावेत, तसं झालं.

पुढे दिवस फिरले. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं, तेव्हा लाखो भारतीय माणसं डोंगर-जंगल तुडवत पायी आसाम-मणिपूरकडे निघाली. हजारो वाटेतच गेली. १९६२ साली तिथे लष्कराची सत्ता आली, १९६४ मध्ये दुकानं सरकारने ताब्यात घेतली आणि पुन्हा लाखोंना घर सोडावं लागलं. घर सुटताना भांडीकुंडी मागे राहतात. भाषा आणि जिभेवरची चव तेवढी बरोबर येते. अशा परतलेल्या कुटुंबांमुळे 'खाऊस्वे' आपल्याकडे आला, चेन्नईत 'अथो' नावाच्या शेवयांच्या गाड्या लागल्या. सनविन मकिन मात्र तितकी ओळखीची झाली नाही. खरं तर या सगळ्यांत आपल्या जिभेला जवळची तीच आहे. कोकणातली तवसोळी आठवा, गोव्याचा बेबिंका आठवा, तिथे नाताळात होणारा रवा-खोबऱ्याचा 'बाथ' आठवा. खाली विस्तव, वर झाकणात निखारे, मध्ये नारळाचा सुगंध. कुळी एकच!

आता पदर खोचून कामाला लागू या.

साहित्य

(सात इंची भांड्यात बसेल इतकं, साधारण सोळा वड्या. वाटी चहाच्या कपाएवढी, म्हणजे २०० मिलिलिटरची धरावी.)

जाड रवा १ वाटी
साखर पाऊण वाटी (गोड जास्त लागत असेल तर १ वाटी)
नारळाचं दाट दूध दीड वाटी
नारळाचं पातळ, म्हणजे दुसऱ्या वेळचं दूध २ वाट्या
तेल किंवा साजूक तूप पाव वाटी, आणि भांड्याला लावायला थोडं वेगळं
बेदाणे २ मोठे चमचे
खसखस १ मोठा चमचा
मीठ पाव चहाचा चमचा

रवा जाडच घ्यावा. चिरोट्यांचा बारीक रवा घेतला, तर खळ होते. लापशीचा घेतला, तर दाताखाली येतो. तेल बिनवासाचं असावं. शेंगदाण्याचं घाणीचं तेल इथे नको, नारळाचा वास मरतो. साजूक तूप घातलं तर चव आपल्या शिऱ्याकडे झुकते, तेल घातलं तर ब्रह्मदेशाकडे. मी अर्धं अर्धं घेते. बेदाण्यांसाठी दूर जायला नको, द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो आपण! मिठाला मात्र फाटा देऊ नका. चिमूटभर मिठाशिवाय नारळाचं दूध मिळमिळीत लागतं.

दुधासाठी मोठा नारळ असेल तर एक पुरतो, लहान असतील तर दोन घ्यावेत. नारळाचा चव मिक्सरमध्ये वाटीभर कोमट पाण्याबरोबर वाटून फडक्यातून घट्ट पिळावा. हे दाट दूध. तोच चोथा दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटून पिळावा. हे पातळ दूध. दाट दूध दीड वाटीला कमी भरलं, तर पातळ दुधाने भरून काढावं. पाकिटातलं दूध वापरायचं असेल, तर ते दीड वाटी घ्यावं आणि पातळ दुधाच्या जागी साधं पाणी घालावं. थंडीत नारळाच्या दुधावर पांढरा थर गोठतो; ते नासलेलं नसतं, तो त्यातला स्निग्धांश असतो. भांडं कोमट पाण्यात ठेवलं की पुन्हा एकजीव होतं.

कृती

पहिली पायरी भाजण्याची. रवा कोरडाच, तेलातुपाशिवाय, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजावा. दहा-बारा मिनिटं लागतात. शिऱ्याला आपण गुलाबी भाजतो. इथे त्याच्या एक पायरी पुढे, बदामी रंगापर्यंत जायचं. सगळा रंग आणि निम्मा स्वाद या दहा मिनिटांत ठरतो. त्यामुळे फोन, दूधवाला, दाराची घंटा, सर्वांना थोडं थांबवा. रंग आला की रवा लगेच ताटात काढावा, कारण गरम कढईत तो भाजतच राहतो.

दुसरी पायरी भिजवण्याची, आणि शिऱ्याहून वेगळी वाट इथेच फुटते. शिऱ्याला आपण रवा तुपात परततो, तुपाचा लेप दाण्यादाण्यावर बसतो, म्हणून उकळतं पाणी ओतलं तरी तो मोकळा राहतो. इथे रवा कोरडा आहे. त्यावर गरम पाणी पडलं, तर दाण्याचं बाहेरचं पीठ एकदम शिजून चिकट होईल, आत पाणी जाणार नाही आणि गुठळ्या होतील. म्हणून गार झालेल्या रव्यात गार असलेलं पातळ दूध, साखर आणि मीठ घालून ढवळावं आणि तासभर झाकून ठेवावं. रवा सावकाश फुगतो. नाशिकच्या कडक थंडीत दीड तास द्यावा.

ज्यांना नोकरीवर किंवा शाळेत शिकवायला जायचं असतं, त्यांना एक युक्ती सांगते. उन्हाळ्यात नारळाचं दूध बाहेर ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत आंबतं. म्हणून सकाळी रवा, साखर, मीठ आणि पातळ दूध एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवावं, आणि संध्याकाळी पुढचं काम करावं. जास्त वेळ भिजल्याने काही बिघडत नाही, उलट वडी अधिक मऊ होते.

तिसरी पायरी शिजवण्याची. भिजलेल्या मिश्रणात दाट दूध घालून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवावं आणि उलथण्याने तळापासून ढवळत राहावं. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम दाटायला लागतं. आता आच मंद करावी. खळखळून उकळू देऊ नये, नारळाचं दूध फाटतं. तेल-तूप तीन वेळा थोडं थोडं घालावं आणि प्रत्येक वेळी मुरू द्यावं. शेवटी बेदाणे घालावेत. मिश्रण कडेने सुटून उलथण्याबरोबर एका गोळ्यासारखं फिरू लागलं, कडेला किंचित तेल चमकू लागलं, की झालं. एकूण बारा ते पंधरा मिनिटांचं काम.

चौथी पायरी थापण्याची. भांड्याला तुपाचा हात लावून मिश्रण ओतावं. दीड इंचापेक्षा जाड थर नको. वाटीच्या बुडाला तूप लावून पृष्ठभाग एकसारखा करावा आणि वर खसखस पेरून हलक्या हाताने दाबावी, म्हणजे कापताना झडत नाही.

ओव्हन असेल तर, आणि नसेल तर

ओव्हन असेल तर तो १८० अंशांवर दहा मिनिटं तापवून घ्यावा, मधल्या जाळीवर पस्तीस ते चाळीस मिनिटं भाजावं आणि शेवटची पाच मिनिटं फक्त वरची दांडी चालू ठेवावी. समोरून हलू नये, वरची बाजू झपाट्याने तांबूस होते.

ओव्हन नसेल, तर आपल्या आज्यांची युक्ती वापरावी. खालून उष्णता आणि वरून उष्णता, बस्स. एका जुन्या जाड कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरावं, त्यावर कुकरमधली जाळी किंवा लोखंडी रिंग ठेवावी आणि घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवावं. मग आच मंद करून आपलं भांडं जाळीवर ठेवावं आणि पुन्हा झाकावं. चाळीस मिनिटं तरी उघडून पाहू नये. यासाठी रोजचा प्रेशर कुकर वापरू नका. पाण्यावाचून तापवल्याने त्याचं रबर आणि व्हॉल्व्ह दोन्ही खराब होतात. तेच मीठ गार करून बरणीत भरून ठेवलं, तर याच कामाला पुन्हा पुन्हा वापरता येतं.

खालची बाजू अशी छान होते. वरची मात्र पांढुरकी राहते, कारण झाकणाखाली वाफ असते. तेव्हा दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा चांगला कडक तापवावा. भांडं ओट्यावर काढून तवा पालथा करून त्यावर पाच मिनिटं ठेवावा. तवा वडीला टेकू नये, अर्धा इंच वर राहावा. म्हणजे भांडं काठोकाठ भरलेलं नसावं, हे आधीच पाहावं. असं दोन-तीन वेळा केलं, की झाकणातल्या निखाऱ्यांचं काम होतं. तवा जाड फडक्याने धरावा आणि लहान मुलांना तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर ठेवावं. नॉनस्टिक तवा यासाठी नको. तो रिकामा इतका तापवायचा नसतो.

हेही जमणार नसेल, तर वडी गार झाल्यावर कापावी आणि जेवढ्या वाढायच्या तेवढ्या तव्यावर चमचाभर तुपात, खसखशीची बाजू खाली ठेवून मिनिटभर खरपूस कराव्या. चव जवळजवळ तीच येते.

पाचवी पायरी, सर्वांत कठीण

ती म्हणजे थांबणं! भाजून काढल्याबरोबर सुरी घालू नये. गरम असताना आत शिऱ्यासारखंच सैल असतं. वडी पडणार नाही आणि सुरीला सगळं चिकटेल. तीन तास तरी गार होऊ द्यावं. रव्यातलं शिजलेलं पीठ गार होतानाच आवळून बसतं आणि वडीला आकार येतो. मग सुरीला तुपाचा हात लावून शंकरपाळ्यासारख्या तिरप्या वड्या कापाव्यात. रात्री करून सकाळी कापल्या, तर सर्वांत उत्तम.

कुठे काय बिघडतं

वडी सैल राहिली, तर समजावं की शिजवताना घाई झाली. कडेने सुटण्याआधीच ओतलं, तर नंतर कितीही भाजलं तरी घट्ट होत नाही. वडी कोरडी, भुसभुशीत झाली, तर रवा पुरता भिजला नव्हता. रंग फिकट आला, तर भाजण्यात कसर राहिली. साखर वाढवून ती भरून निघत नाही. तळ करपला आणि वर कच्चं राहिलं, तर कढईत मीठ कमी होतं किंवा आच मोठी होती. फाटल्यासारखं दिसून तेल वेगळं तरंगलं, तर उतरवून दोन चमचे गार दूध घालून जोराने घोटावं, बहुधा सावरतं.

आपल्या घराप्रमाणे बदल

तिकडे पुष्कळजणी एक-दोन अंडी फेटून घालतात. चालत असेल, तर मिश्रण कोमट झाल्यावर, भांड्यात ओतण्याआधी घालावीत. वडी हलकी होते. बिनअंड्याची केली, तर हळदीकुंकवाला आणि नैवेद्यालाही चालते. मात्र रवा गव्हाचा असल्याने उपासाला चालत नाही, हे पाहुण्यांना आठवणीने सांगावं.

साखरेऐवजी गूळ घालायचा असेल, तर तो पातळ दुधात आधी विरघळवून गाळून घ्यावा. रंग गडद येतो आणि चव तवसोळीकडे जाते. वेलदोड्याचा मोह आवरा. वेलदोडा पडला, की तो पुन्हा शिराच झाला! इथे नारळाचा आणि भाजलेल्या रव्याचा वास, एवढंच अत्तर.

मधुमेह असलेल्यांसाठी यात पळवाट नाही. गूळ घातला म्हणून काही ती निर्धोक होत नाही. त्यांच्यासाठी वडी लहान कापावी आणि घरातल्या बाईनेच एकीवर थांबावं, थांबवावं.

हळदीकुंकवाच्या हिशोबाने

पन्नास बायकांना एकेक वडी द्यायची असेल, तर वरच्या मापाच्या चौपट करावी. चार वाट्या रवा म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम, साखर अर्धा किलोच्या आसपास, चार मोठे नारळ आणि वाटीभर तेल-तूप. चौसष्ट वड्या होतात. सगळ्या सुवासिनींना वाटून घरच्यांनाही उरतात. एकाच कढईत एवढं शिजवू नका, हात भरून येतो आणि तळ करपतो. दोन घाणे करावेत. आदल्या रात्री करून ठेवलं, तर कार्यक्रमाच्या दिवशी नुसतं कापणं उरतं. शिरा गरम वाढावा लागतो, ही गारच छान लागते. घरच्या बाईला चार घटका बायकांमध्ये बसता येतं, हा या पदार्थाचा सर्वांत मोठा गुण!

टिकण्याचं म्हणाल, तर थंडीत बाहेर दीड-दोन दिवस, उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवावी. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस राहते; खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी, नाहीतर कडक लागते. प्रवासात द्यायची झाली, तर रात्रीच्या गाडीपुरतीच.

एक सूचना महत्त्वाची. मुलगा, मुलगी किंवा जावई आखाती देशात असेल, तर सामानात खसखस कधीही देऊ नका. वडीवर पेरलेलीसुद्धा नाही आणि मसाल्यातली पुडीही नाही. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती तिथे अमली पदार्थांत मोडते, आणि तपासणीत सापडली तर अटकेपर्यंत पाळी येते. तिथे राहणाऱ्यांनी वरून पांढरे तीळ पेरावेत. रवा आणि नारळाच्या दुधाचा डबा आता जगात बहुतेक ठिकाणी मिळतो. तेव्हा परदेशी असलेल्या लेकीला ही वडी पाठवण्यापेक्षा कृतीच लिहून पाठवा. दिवाळीला चकलीचा सोऱ्या नसला, तरी तिच्या घरी गोडाचा वास दरवळेल.

आणि शेवटी एक आग्रहाचं सांगणं. ही वडी केलीत, की "रव्याचा केक" म्हणून पुढे करू नका. तिचं नाव सांगा, सनविन मकिन. जीभ दोनदा अडखळेल, तिसऱ्यांदा वळेल. शिऱ्याला आपण हलवा म्हटलेलं आपल्याला खपत नाही, पुरणपोळीला कुणी गोड पराठा म्हटलं, तर आपण रागावतो. मग दुसरीच्या चुलीवरून घेतलेल्या पदार्थाचं नावही तेवढ्याच मानाने घ्यावं. ज्या मंडालेत आपले लोकमान्य राहिले, त्या मंडालेजवळ २०२५ च्या मार्चमध्ये भूकंप होऊन हजारो माणसं गेली आणि घरं जमीनदोस्त झाली. त्याआधी २०२१ पासून लष्करी राजवट आणि यादवी. आपल्यासारख्याच कितीतरी बायका तिथे चूल हलवत हलवत संसार राखताहेत. त्यांच्यासाठी इथून आपण फार काही करू शकत नाही. पण हळदीकुंकवाला आलेली एखादी शेजारीण विचारेल, "अगंबाई, हे काय केलंस?" तेव्हा वडीबरोबर त्या देशाचं नावही तिच्या हातावर ठेवता येईल. रव्याचा डबा तर घरात आहेच. येत्या रविवारी नारळ तेवढा आणा.